दिवाणजींनी घालवलेला गोलरक्षक

कॅनडातल्या हॅलिफॅक्सपासून तासाभरावरच्या आमच्या गावी हिवाळा सहा महिने मुक्काम करतो आणि माझ्या लेकीच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी आइस हॉकीचे भक्त जमतात. एवढ्या अवकाशात किस्से साचले नाहीत तरच नवल! चौतीस वर्षे मी इतिहास शिकवला; परंतु एखाद्या कारभाऱ्याची इतकी कसून झडती कोणत्याही वर्गात ऐकली नाही.

कारभारी म्हणजे आमच्या संघाचे जनरल मॅनेजर. कोणता खेळाडू ठेवायचा, कोणता दुसऱ्या संघाला द्यायचा आणि त्याच्या बदल्यात कोण आणायचा, हे ठरवणारे गृहस्थ. मी त्यांना 'दिवाणजी' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

*

सात वर्षांपूर्वी दिवाणजींनी आमचा लाडका गोलरक्षक देऊन दोन कोवळे बचावपटू आणले. ही अदलाबदल, म्हणजे 'ट्रेड', जाहीर होताच पुण्याचे सदानंद भिडे ताडकन उभे राहिले. "संपला संघ!"

"बस रे सदा," रूबेन पेणकर म्हणाले. "माणूस दहा वर्षं पुढचं बघतोय."

पेणकर मूळचे अलिबागकडचे. इथल्या इस्पितळात एक्स-रे काढतात.

"मग त्याच्याच डोक्याचा एक्स-रे काढ," भिडे कडाडले, "आत काही दिसतंय का ते बघ!"

*

एका दुपारी वादळाने वीज गेली, टीव्ही बंद पडला. दोघांनी दिवाणजींचे सर्व ट्रेड क्रमाने म्हणायला घेतले. एकाने गेलेला खेळाडू सांगायचा, दुसऱ्याने आलेला. वर कोणाचा गुडघा कच्चा होता, तेही! दीड तास झाला, तरी एकही चूक नाही. माझी नात जिन्यातून ओरडली, "आजी, दे आर स्टिल गोइंग!"

मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. तोंडी परीक्षेत मी कोणालाही पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. त्या दिवशी दोघांनाही दिले.

*

पेणकरांची पाठ धरली, तेव्हा भिडे रोज सकाळी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत. पेणकर खिडकी किलकिली करून आतून दिवाणजींची बाजू मांडत. एके दिवशी त्यांनी असा बिनतोड मुद्दा काढला, की भिड्यांनी उपसलेला सगळा बर्फ पुन्हा ड्राइव्हवेवर लोटला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते फावडे घेऊन हजर होते.

*

"दिवाणजी जातील त्या दिवशी पेढे वाटीन," असे भिडे वर्षानुवर्षे सांगत. यंदा दिवाणजींना खरोखरच काढून टाकले. भिड्यांनी हॅलिफॅक्सहून पेढ्यांचा खोका आणला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसले.

"वाट की!" पेणकर म्हणाले.

"नको. घसा बसलाय माझा."

घशाचा आणि पेढ्यांचा संबंध कोणीही विचारला नाही.

निघताना पेणकर दारात थांबले. "सगळं गाव म्हणतंय, दिवाणजी त्या गोलरक्षकामुळेच गेले. तसं असेल, तर सात वर्षं मीच मूर्खासारखा बोलत होतो, सदा."

त्यानंतरचे तीन शनिवार त्यांची खुर्ची रिकामी राहिली.

*

चौथ्या शनिवारी भिड्यांनी मला सोबत घेऊन पेणकरांना घरून बळेच गाडीत घातले. वाटेत ग्रोसरीसाठी थांबलो. पेणकर गाडीतून उतरले नाहीत. मी आणि भिडे आत गेलो. रांगेत आमच्यापुढे साक्षात दिवाणजी! हातात दूध आणि बटाट्यांची पिशवी.

भिडे पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, त्या गोलरक्षकाला का दिलंत?"

दिवाणजींनी पिशवी खाली ठेवली. क्षणभर भिड्यांकडे पाहिले. "इट वॉज अ मिस्टेक," ते म्हणाले. "आय न्यू इट दॅट सेम वीक."

ज्या वाक्यासाठी भिडे सात वर्षे भांडले, ते त्यांना मिळाले होते. त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि हात पुढे केला. "थँक यू, सर."

आम्ही गाडीत येऊन बसलो. पेणकरांनी दिवाणजींना काचेतून पाहिले होते. "काय म्हणाले?"

भिड्यांनी सीटबेल्ट लावला. "म्हणाले, आपल्या कारकिर्दीतला तोच सगळ्यांत चांगला ट्रेड होता. कारणंही सांगितली. मला पटलं, रूबेन. तूच बरोबर होतास."

पेणकरांनी मागे वळून मला विचारले, "बाई, तुम्हीही ऐकलंत?"

"ऐकलं ना," मी म्हटले. "अगदी असंच म्हणाले."