वेशीबाहेरची आई

मेल्यावर माणसाचं काय होतं हे मला कीर्तनातून कळलं नाही, शाळेतूनही नाही. ते मला एका खेळातून कळलं. तो खेळ पुण्याच्या एका दादानं आमच्या वसतिगृहात आणला, पण त्यातली मेलेल्यांची दुनिया आम्ही पोरींनी बसवली. नंतर पुष्कळांनी मला स्वर्ग-नरक समजावून सांगितले. त्यातलं काहीही मला त्या दुनियेइतकं पटलं नाही.

आमचं गाव धारूरच्या खाली, घाटाच्या कडेला. दिवाळी उरकली की निम्मं गाव ऊस तोडायला निघून जातं आणि मागं उरलेली पोरं शाळेतल्या हंगामी वसतिगृहात पडतात. दोन वेळचं जेवण, झोपायला वर्ग, आणि संध्याकाळी करायला काहीच नाही. त्या रिकाम्या वेळेवर समाजसेवा करायला दरवर्षी कुणी ना कुणी यायचं. कुणी कागदाचे पक्षी शिकवून गेलं, कुणी हात धुवायला शिकवून गेलं, जसं काही आम्ही तोवर हात न धुताच जेवत होतो. मी सातवीत होते त्या वर्षी हा दादा आला. त्याच्या पिशवीत रंगीत फासे होते आणि डोंगर, किल्ले, राक्षस काढलेला एक मोठा नकाशा होता.

खेळ असा होता. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारवाली, कुणी जादूगारीण, कुणी चोर. समोर राक्षस आला तर तू काय करतेस ते तू बोलायचं, आणि ते तुला जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगणार. गोष्ट सांगणाऱ्याला दादाच्या भाषेत गेम मास्टर म्हणत. आम्ही पहिल्याच दिवशी त्याला मुकादम करून टाकलं. कुठं जायचं ते जो सांगतो आणि स्वतः काडी उचलत नाही, तो मुकादमच. खेळणाऱ्या पोरींची अर्थातच टोळी झाली.

एकदा एका पोरीची तलवारवाली पुलावर मेली. दादानं डोळे मिटले, आवाज खोल केला आणि सांगितलं, की तिचा आत्मा चांदीच्या महालात गेला. तिथं कायमची मेजवानी आहे, वाद्यं वाजतात, कुणालाही काम नाही.

"भाकरी कोण थापतंय मग तिथं?" त्या पोरीनं विचारलं.

दादा हसला. आम्ही कुणीच हसलो नाही. सगळं आपोआप होतं, तो म्हणाला. मग त्यानं पुढचा नियम सांगितला, की टोळीनं मोठा हिरा शोधून पुजाऱ्याला दिला तर मेलेली तलवारवाली परत जिवंत होऊ शकते.

"कावून यील ती?" ती पोरगी म्हणाली. "आयतं खायला मिळालंय तिला."

दादाला राग आला नाही, पण त्याचा हिरमोड झाला हे दिसलं. काही आठवड्यांनी तो गेला तेव्हा फासे आणि नकाशा आम्हाला ठेवून गेला. भला माणूस होता. त्याला एवढंच कळलं नाही, की ज्यांनी आयतं कधी पाहिलंच नाही त्यांना त्याचा स्वर्ग थापेबाजी वाटणार.

त्याच्यामागं आमच्यातली सगळ्यात मोठी पोरगी मुकादम झाली. नववीत होती. आवाज खणखणीत, दया कमी. पुढच्या हंगामाला ती वसतिगृहात नव्हती, कारण उन्हाळ्यात लग्न लावून तिला उजवून टाकली. पण त्या हिवाळ्यात तिचा शब्द म्हणजे कायदा होता. तिनं चांदीचा महाल पहिल्याच संध्याकाळी पाडला आणि त्या जागी एक वेस उभी केली.

मेलेली बाई त्या वेशीशी येते. तिथं राखणदार बसलेला असतो. तो नाव विचारत नाही, पापपुण्य विचारत नाही. एकच विचारतो, "जोडी कुठंय?" ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता समजतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी टोळीत घेत नाही. तसंच तिथं. जोडी असेल तर आत, नसेल तर वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला बसायचं आणि जोडीदार मरायची वाट बघायची. आत काय आहे हे कुणी विचारलं तर मुकादम म्हणायची, "सावली हाय. पाणी हाय." आम्हाला एवढ्यानं पुरेसं वाटायचं. जे खाली चालतं तेच वर चालणार, ही गोष्ट आम्हा कुणालाच क्रूर वाटली नाही. उलट नियम एकदम फिट बसला म्हणून आम्ही खूश होतो.

पौषात माझी आई उसाच्या फडावर मेली. अंगात ताप घेऊन डोक्यावर मोळ्या वाहत होती. बाप म्हणाला, गाडी भरू, मग दवाखान्यात जाऊ. गाडी भरली, सुटली, आणि मग सगळ्यांचं लक्ष बांधावर पडलेल्या माझ्या आईकडं गेलं. बापाचा हात तिच्यावर पहिल्यापासून सैल होता. मारायला कधी त्याला उशीर झाला नाही. उचलायला झाला.

तेराव्याला खरा मुकादम जेवायला आला. पोटभर जेवला, आणि आचवता आचवता बापाला म्हणाला, "लई वाईट झालं गड्या. पर अर्ध्या कोयत्याचं मी काय करू?"

"पोरगी हाय की," आत्या म्हणाली. ती बापाची थोरली बहीण, घरातलं सगळं तिच्याच तोंडानं ठरायचं. "तेरा वर्साची झालीय. मोळी उचलंल."

मी पत्रावळी गोळा करत होते. मुकादमानं माझ्याकडं बैलबाजारात बघावं तसं खालून वर बघितलं आणि म्हणाला, "बारीक हाय. दुसरी बघा. न्हाईच मिळाली तर हिला घेऊ."

मी वसतिगृहात परत गेले ती ही तलवार डोक्यावर घेऊनच. पण पहिल्या संध्याकाळी खेळात मी माझं विचारलंच नाही. आईचं विचारलं.

"वेशीबाहेर बसलीय," आमची मुकादम म्हणाली. तिनं नकाशावर एक खडा ठेवला, रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली. "तुझा बाप मरंस्तोवर."

मला त्यानं बरं वाटलं. आईला वाट बघायची सवय होती. आणि बाभळीखाली का होईना, ती बसलेली होती. मी तिला बसलेली फार थोड्या वेळा पाहिली होती.

महिनाभरात बापानं दुसरी केली. मला आनंद झाला, तो लपवायचं मला आजही कारण दिसत नाही. आता मला फडावर जावं लागणार नव्हतं. नवी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी होती, घरची गरीब, अंगानं दणकट. लग्न मंदिरात उरकलं. घरी आल्यावर आत्यानं तिला पाटावर बसवलं आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक बांधला. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई. डोळे होते, तोंड होतं, हात बाजूला सोडलेले होते. पहिली मेली आणि दुसरी केली की आमच्याकडं पहिलीला अशी दुसरीच्या गळ्यात बांधतात. नवं लुगडं आधी तिला लावायचं, घास आधी तिला दाखवायचा, म्हणजे ती कोपत नाही.

"बाई," आत्या टाकाला म्हणाली, "ही तुझी धाकली भईण. हिला तरास देऊ नगं. दोघी मिळून संसार करा."

दुसऱ्या दिवशी तिघं फडावर गेली. बाप, नवी, आणि नवीच्या गळ्यात माझी आई.

वसतिगृहात मी हे जसंच्या तसं सांगितलं. आमच्या मुकादमनं बाभळीखालचा खडा उचलून खिशात टाकला.

"तुझी आई वेशीशी न्हाई," ती म्हणाली. "ती टाकात हाय. टाकातल्या बाईला वेशीकडं जाता येत न्हाई. गळा जाईल तिकडं तिनं जायचं."

"अन् बाप मेल्यावर?"

"तो दुसरीसंगं आत जाईल. त्यांची जोडी हाय."

मी तिच्या कानाखाली आवाज काढला. नवा नियम तिनं माझ्या आईसाठी मुद्दाम काढला असं मला वाटलं. पोरींनी मला धरलं. तिनं उलट हात उचलला नाही. गाल चोळत म्हणाली, "माज्या आईच्या बी गळ्यात हाय. मोठीचा, बाच्या पहिलीचा. अंगावर पीत हुते तवा मी तो चावायचे म्हणं. आई सांगती, बाभूळ तोडायला मोठी आली, भाकरीला बसली, बाळंतपणाला बी आली. कुठं सोडत न्हाई. मला नगं शिकवू."

मग मी तिला मारलं नाही. सुटका कशी करायची तेवढं विचारलं. तिनं विचार करून नियम सांगितला. जिच्या गळ्यात आहे तिनं आपखुशीनं काढून द्यायचा, आणि वाहत्या पाण्यात सोडायचा. मग ती वेशीशी जाईल.

"पर जोडी?"

"राखणदाराशी तूच बोल. टाक फासा."

मी बोलले. माझ्या आईनं दोघांचं काम एकटीनं केलंय, तीच पुरा कोयता आहे, असं काहीतरी मी त्या राखणदाराला रडत, शिव्या देत सांगितलं आणि फासा टाकला. सतरा पडला. आमची मुकादम म्हणाली, "घेतो. एकटीला घेतो." एवढी मोठी सूट तिनं कुणालाच दिली नव्हती.

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या. परीक्षेच्या आधी मी चार दिवस घरी गेले. सकाळीच नवी धुणं घेऊन ओढ्यावर निघाली, तशी मी मागं गेले. ओढ्याला अजून धार होती. मी तिला मावशी म्हणत असे, तेही गरज पडली तरच. तिनं बाह्या वर सारल्या तेव्हा दंडावर जुने-नवे डाग दिसले. ते कशाचे हे मला विचारावं लागलं नाही.

मी तिला सरळ सगळं सांगितलं. वेस, राखणदार, जोडी, सतरा. तिनं एकदाही टिंगल केली नाही. धुणं पिळत ऐकत होती.

"खेळातलं हाय न्हवं हे?" तिनं विचारलं.

"खरं हाय."

"असंल बी," ती म्हणाली. तिनं हात पुसले, मानेमागं नेले, दोऱ्याची गाठ सोडली आणि टाक माझ्या तळहातावर ठेवला. इतकं सोपं होतं. तो तिच्या अंगानं गरम झाला होता. चांदी कोपऱ्यात घासली होती, आईचं नाक सपाट झालं होतं. मी पाण्यात पाय घातला.

"एक विचारू का?" ती मागून म्हणाली. "उद्या तुजा बाप अंगावर आला, तर मी काय धरू?"

मी वळले. तिनं सांगितलं, की पहिल्या महिन्यात तिनं मुकाट मार खाल्ला. मग एकदा भीतीनं हात गळ्याशी गेला, टाक मुठीत आला आणि तोंडातून निघालं, "बाई, तुझा नवरा हाय, तूच सांग त्याला." बापाचा हात वरच राहिला. तो पाचटाच्या कोपीबाहेर गेला आणि रात्री आत आलाच नाही. तेव्हापासून पाचातलं तीनदा चालतं, ती म्हणाली. दारू जास्त असली की चालत नाही. एकदा तर तो टाकाच्या पाया पडला.

"तू सोड बाई तिला," ती म्हणाली. "तुजी आई हाय. माजं मी बघंन काय तरी." आणि ती खाली बसून परत धुणं आपटायला लागली.

जिवंतपणी ज्या बाईला त्यानं कधी भीक घातली नाही, तिला तो मेल्यावर भ्यायला लागला होता. मला हसू आलं आणि त्या हसण्याची किळस आली. माझ्या पायावरून पाणी जात होतं. मूठ उघडायची, एवढंच काम होतं. सावली, पाणी, बसायला जागा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आईला एकटीला आत घ्यायला तयार होतं आणि तिच्या वाटेत आता फक्त माझी बोटं होती.

तिनं वर बघितलं नाही. तिच्या पाठीवर, पोलक्याच्या गळ्याखाली, आणखी एक डाग होता.

मी पाण्यातून बाहेर आले, तिच्या मागं बसले आणि दोरा तिच्या मानेवर परत बांधला. सुटू नये म्हणून गाठीवर गाठ मारली. तिच्या हातातलं धुणं थांबलं.

मला बापाचा राग होता, नवीचा राग होता, आणि सगळ्यात जास्त आईचा, की मेल्यावरही तिला सुखानं मरता आलं नाही. आज मी अंबाजोगाईला दवाखान्यात नोकरी करते, दंडावरचे डाग बघून कुठला कधीचा ते सांगते. तो राग गेलेला नाही.

परीक्षेसाठी वसतिगृहात परतले, तेव्हा मुकादम नकाशा पसरून बसली होती. बाकीच्या पोरी गोल करून होत्या. राखणदाराला तिनं मुद्दाम वेशीत उभा करून ठेवला होता.

"सोडली का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"कावून गं? सतरा पडला व्हता की."

"तिला सुट्टी न्हाई," मी म्हणाले. "मीच दिली न्हाई."