राहून गेलेली नावं

माईकगुरुजी चूक झाली की घरात बसून हळहळत नसत. सायकल काढून माफी मागायला निघत. चौथीत ते माझे वर्गशिक्षक, पण रिसोडच्या आसपास त्यांना ओळखत ते लग्नातल्या माईकमुळे. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले की गुरुजी सत्कारासाठी पाहुण्यांची नावं पुकारत. आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलेलं चालतं. नवरदेवाच्या मामाचं नाव राहिलेलं चालत नाही.

राहायचं एखादंच, पण गुरुजी ते आठवडाभर चघळत. फळ्यावर गणित लिहिता लिहिता हात थांबायचा. “काहून राह्यलं असंन बरं? यादीत तं होतं!” मग रविवारी सायकल. त्या मामांच्या ध्यानीमनीही काही नसायचं. गुरुजींनी हात जोडून सगळं सांगितलं की मात्र ते गंभीर व्हायचे. “अरे हो! माहा सत्कार झालाच नाई!” आणि वर्षभर त्या लग्नघराची पायरी चढायचे नाहीत. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, “लोकं रुसत नाईत, हे जाऊन रुसवून येतात.”

पन्नाशीत त्यांच्या घोराने दिशा बदलली. झालेल्या लग्नांचं काही वाटेना, होणारी छळू लागली. आठ दिवस आधी लग्नघरी जाऊन ते विचारत, “तुमच्यात लवकर कोन रुसते?” त्या माणसांची ते वेगळी यादी करत. पुढे पुढे त्या यादीत नाव यावं म्हणून लोक मुद्दाम रुसायला लागले.

सत्तरीत त्यांनी माईक माझ्याकडे दिला. मीही मास्तर झालो होतो आणि आवाज बरा होता. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी भराभर सगळी नावं पुकारली आणि गुरुजींचंच विसरलो. ज्यांनी माईक धरायला शिकवलं, त्यांचं! ते पहिल्या रांगेत बसले होते. दीड महिना मी त्यांच्या गल्लीत फिरकलो नाही. अंघोळ करताना, हजेरी घेताना तीच रांग डोळ्यांपुढे यायची. मन चिंती ते वैरी न चिंती. गुरुजींच्या मनातून मी कायमचा उतरलो, अशी माझी खात्रीच झाली.

शेवटी गेलो. गुरुजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांचे पाय धरून मी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

“मले मालूम हाय,” ते म्हणाले. “मी पाहून राह्यलो होतो, आता घेते, मंग घेते.”

“राग नाई आला, गुरुजी?”

“आला ना! जिलेबी येईपर्यंत होता.”

मी विचारलं, “मंग तुमचं ते पहिलेचं कसं सुटलं? सायकल काढून जायचं?”

“सुटलं कायचं? ज्याइच्या माफ्या मांगल्या, त्याइच्यातले अर्धे गेले. बाकीच्याइले काई आठवत नाई. मीच येकटा किती दिवस ध्यानात ठेवू?” त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. “तुह्या वयात हे असंच राह्यते, लेका. साठी होऊ दे. मंग लोकं रुसतात अन् आपुन जेवतो.”

मी हसत हसत घरी आलो आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

मागच्या हिवाळ्यात गुरुजी गेले. मला साठीला अजून अठरा वर्षं आहेत. तोवर नावं राहणारच, आणि ती सांगायला जावं असं माणूस आता रिसोडात उरलेलं नाही.