सतरा एकांची संख्या

मंदाकिनी दांडेकर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होत्या, तेव्हा गणिताच्या सरांनी फळ्यावर ओळीने सतरा एक लिहिले आणि विचारलं, "ही संख्या अविभाज्य, की संयुक्त? हिला कुणाकुणाने भाग जातो?" उत्तर सांगायच्या आत तास संपला. त्याच महिन्यात मंदाकिनीबाईंचं लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. पुढे तीस वर्षं त्यांनी शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना, अनंतरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. हा माणूस जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासून चुका काढत होता. आता उजवा हात गेला, वाचा गेली. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत दिवसभर ते खिडकीशी बसायचे. बाई जरा उठल्या की कासावीस व्हायचे. मग शेजारी बसून करायचं काय? एका दुपारी बाईंनी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर सतरा एक लिहिले.

वाटेल त्या आकड्याने भागत बसायला त्या वेड्या नव्हत्या. जुनं पुस्तक धुंडाळून त्यांनी नियम काढला: या संख्येला भागणारी अविभाज्य संख्या असलीच, तर ती चौतीसच्या पटीत एक मिळवूनच येणार. त्यातून तीन, पाच, सात यांनी भाग जाणाऱ्या वगळायच्या. उरल्या त्यांत पहिली एकशे तीन, मग एकशे सदतीस, मग दोनशे एकोणचाळीस. रोज वीस भागाकार. बाकी उरली की पुढची.

भाची ओवी हिंजवडीला नोकरी करायची. एका रविवारी वह्यांची चळत बघून ती म्हणाली, "आत्या, हे कॉम्प्युटर सेकंदात सांगेल. बघू?"

"बघ की. फक्त मला सांगू नकोस."

"अगं, पण का?"

"तुमचा सेकंद झाला की तुम्ही मोकळे. मला संध्याकाळपर्यंत बसायचंय."

ओवीने घरी जाऊन पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

साडेचार वर्षं झाली. भाजक सात आकडी झाले, भाग काही जाईना. बाई थकल्या. "अविभाज्यच असणार," असं म्हणत त्यांनी एक दिवस वही मिटली आणि पंधरा दिवस उघडलीच नाही.

त्या दिवसांत अनंतरावांनी डाव्या हाताने एक जुनी वही ओढून घेतली. बाईंना वाटलं, चाळा. पण ते बोट फिरवत ओळीमागून ओळ वाचत होते. दुसरी वही, तिसरी. अकराव्या दिवशी ते टेबलावर थाप मारू लागले.

"काय हो? पाणी हवंय?"

मान हलली. नाही. बोट एका आकड्यावर रुतलेलं. बाईंनी चष्मा लावला. भाजक होता वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. सातव्या पायरीवर वजाबाकीत हातचा राहिला होता. आठ महिन्यांपूर्वीची चूक.

बाईंनी तिथून भागाकार पुन्हा मांडला. अनंतरावांना दिसावेत म्हणून आकडे मोठे काढले. शेवटच्या ओळीत खाली काहीच उरलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "गेला की हो भाग!"

अनंतराव हसले. झटक्यानंतर वाकडं झालेलं तोंड हसताना आणखी वाकडं झालं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

त्यांनी लगेच ओवीला फोन लावला. "संयुक्त आहे गं. दुसरा भाजक दहा आकडी येतोय."

"हो आत्या," ओवी म्हणाली. "मला माहीत होतं."

"तुला असेल. आमच्या घरात यांनी शोधलं."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून उलटा गुणाकार केला. बाई आकडे मांडत गेल्या, अनंतराव प्रत्येक ओळीपुढे डाव्या हाताने बरोबरची खूण करत गेले. खुणा वेड्यावाकड्या होत्या. बेरजेत सतरा एक आले, आणि बाई चहा टाकायला उठल्या तेव्हा अनंतरावांनी त्यांना थांबवलं नाही. ते शेवटची ओळ पुन्हा तपासत होते.