एका जबड्याच्या चार कवळ्या

पूल मागे पडला तरी धाकटीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हॉलबाहेर बस उभी होती, पण ताई म्हणाली, "चालत जाऊ." धाकटी तिच्याबरोबर निघाली. पहिल्या बक्षिसाचा चषक पिशवीत मावेना, म्हणून ताईने तो काखेत धरला होता.

"दातखीळ बसली का गं तुझी?" ताई म्हणाली. "सांग हो, आमच्या खात्यातलंच काम आहे."

धाकटीला हसू आलं नाही.

ताई दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. समोर प्लास्टरचे जबडे, बाजूला मेण, घासायच्या मशीनची घरघर आणि दिवसभर तोंडावर पट्टी. पन्नाशी उलटल्यावर तिने वक्तृत्वाच्या क्लबात नाव घातलं, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कारण त्या घरात बोलायचा मक्ता भाऊजींकडे होता. भाऊजी वायरमन. शिडीवर चढूनसुद्धा नकला करायचे. मुलगी पाहायला आले तेव्हा भावी सासऱ्यांना म्हणाले होते, "घराचं वायरिंग बघूनच होकार दिलाय, मुलगी आता बघतो." त्यांचं एकही बोलणं खरं धरायचं नाही, हे अख्ख्या खानदानाला पाठ होतं.

आज क्लबात विनोदी भाषणांची स्पर्धा होती. "तू येच," असा ताईचा निरोप आला, म्हणून धाकटी पहिल्यांदाच गेली आणि दुसऱ्या रांगेत बसली. समोर वेळ दाखवणारे हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे होते.

ताई उभी राहिली आणि नवऱ्याचेच किस्से सांगू लागली. एकदा हे शेजाऱ्यांच्या घरात शिरले, चपला काढून कोचावर बसले आणि शेजारीणबाईंना म्हणाले, "मला न विचारता पडदे का बदलले?" ती बिचारी गोंधळली, पण तिने चहा केला. ह्यांनी चहालाही नावं ठेवली. लोक पोट धरून हसत होते. धाकटीही हसली. भाऊजींची खोड ती.

"कवळी तर कुठेही ठेवतात," ताई सांगत होती. "कधी पिठाच्या डब्यात, कधी कुंडीत. आता मी चौथी बनवतेय. दवाखान्यातले विचारतात, तुमच्या नवऱ्याला तोंडं तरी किती?"

पिवळा दिवा लागला. ताईने पदर सारखा केला.

"परवा मला म्हणाले, बाई, तुमचं लग्न झालंय का? मी म्हटलं, झालंय हो. पण नवरा हल्ली घरी नसतो."

हॉल दणाणला. पुढचे गृहस्थ डोळे पुसू लागले. धाकटीचं हसू मात्र ओठांवरच थिजलं. मागे एकदा भाऊजी तिच्या घरी आले होते आणि सगळ्या खोल्या हिंडून म्हणाले होते, "आई कुठे दिसत नाहीत?" आईला जाऊन किती वर्षं लोटली होती. "भाऊजी, पुरे आता," म्हणून धाकटीने हसत त्यांच्या हातात लाडू ठेवला होता. ती मनात देवाचं नाव घेऊ लागली. ते पहिल्या अक्षरापुढे सरकेना.

मग मूल्यमापनाची स्पर्धा होती. झालेल्या भाषणांतलं एक चिठ्ठी टाकून निवडायचं, स्पर्धकांनी बाहेर थांबायचं आणि एकेकाने आत येऊन त्या भाषणाचे गुणदोष सांगायचे. ज्याचं भाषण, त्याने समोर बसून ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही, असा नियम. चिठ्ठी ताईची निघाली.

पहिला विमा कंपनीतला साहेब होता. आवाज खणखणीत, अदब पुरेपूर. "बाईंचं टायमिंग उत्तम," तो म्हणाला. "फक्त नवऱ्याचं पात्र जरा अतिच झालं. इतकं कोणी विसरतं का? विनोदालाही थोडा खऱ्याचा आधार लागतो. शेवटचं वाक्य टाळीचं आहे, पण बनवलेलं वाटतं."

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. ताईने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही. धाकटी बसली. पुढची बाई आली, तीही तेच म्हणाली. ताई दोघांकडे हसून बघत राहिली आणि शेवटी तिने हात जोडले.

आता भाजीवाल्याच्या बंद गाड्याशी पोचल्यावर धाकटी कशीबशी म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलंस?"

"दोघांना. मेंदूचंच आहे म्हणाले. वाढत जाणार."

"आणि तू लोकांना हसवतेस?"

"घरी सांगितलं तर सगळे रडणार. मग मी रडणाऱ्यांना पाणी देत बसू? तिथे अनोळखी माणसं हसली ना, की रात्री मला झोप लागते."

"मला तरी सांगायचंस."

"सांगायलाच तर बोलावलं. तोंडावर जमेना, म्हणून माइकवर सांगितलं."

धाकटीला आठवलं, गेल्या वर्षभरात आपण भाऊजींच्या किती बोलण्यांवर टाळ्या दिल्या. "आता त्यांच्याजवळ कोण आहे?"

"चहावाली शेजारीण. पण तिचाही संसार आहे. एरवी त्यांना आत ठेवून कुलूप लावते नि कामाला जाते मी, पण मशीनवर लक्ष लागत नाही. काम सोडलं तर औषधं कुठून आणू?"

दोघी ताईच्या गल्लीत वळल्या. वरच्या खिडकीत दिवा होता आणि कोणीतरी गजांना धरून खाली बघत होतं. ताई थांबली. चषक तिने या काखेतून त्या काखेत घेतला.

"दुपारची येऊन बसशील त्यांच्यापाशी? तू कोण, असं विचारतील. रोज विचारतील. 'ओळखलं नाहीत का' असं म्हणू नकोस, फार खजील होतात. पहिल्यांदाच भेटतेयस असं सांग, 'मी तुमच्या बायकोची बहीण' म्हणून. एवढं कर माझ्यासाठी."