शहीद जवानाचं घर म्हणून आमचं घर

माझ्या भावाला युद्धाचं वेड आहे. टीव्हीवरच्या युद्धाचं. स्वतः आयुष्यभर केळी आणि सोनचाफा पिकवला, घरात उंदीर निघाला तरी वहिनीला हाक मारतो. पण कुठल्या रणगाड्याची तोफ किती लांब मारते ते त्याला झोपेतून उठवून विचारा. जेवताना युद्धाचे माहितीपट, झोपताना युद्धाच्या मालिका. मी त्याची मोठी बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्याच घरी, वसई किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वाडीत राहते. त्यामुळे हे सगळे तोफगोळे माझ्याही ताटात पडत आले. मला त्या मालिकांचा मनस्वी राग येतो. दारात लष्कराची गाडी थांबते आणि सैनिकाच्या बायकोच्या हातातून ताट पडतं. दर वेळी ताटच. भांड्यांच्या दुकानदारांनीच मालिका काढली असेल, असं मी म्हणत असे.

मग भावाचा मुलगा, माझा भाचा, खरोखरच सैन्यात गेला आणि माझी थट्टा बंद झाली. सीमेवर वातावरण तापलं तेव्हा तो तिकडेच कुठेतरी होता. कुठे, ते सांगायची परवानगी नव्हती, आणि नंतर फोनच बंद लागायला लागला. बातम्यांच्या वाहिन्या दिवसभर भोंगे वाजवत होत्या. वहिनीने रिमोट तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि भावाला बजावलं, या घरात आता कुठलंही युद्ध लागणार नाही. भाच्याची बायको गरोदर, सातवा महिना. पहिलं बाळंतपण म्हणून ती नायगावला, खाडीकडच्या गावात आपल्या माहेरी गेली होती.

अशात एका मालिकेसाठी घर बघायला माणूस आला. युद्धाची मालिका, पण तुमच्याकडे लढाई नाही म्हणाला. सुट्टीवर आलेला जवान आईच्या हातचं जेवतो, एवढंच. भाऊ तर हुरळूनच गेला. वहिनी नको म्हणत होती, पण पहिल्या दिवशी जवानाचं काम करणारा पोरगा बारीक केस कापून ओटीवर येऊन बसला आणि तिचं मन विरघळलं. खोटं ताट बाजूला सारून तिने त्याला स्वतःच्या हातची सुरमईची कढी वाढली. तोही भुकेला असावा, दोनदा भात मागून घेतला. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच लोक शवपेटी घेऊन आले.

आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. हिरवा ट्रक, झेंडूच्या माळा, गणवेशातली माणसं, आणि तिरंगा पांघरलेली पेटी त्यांनी आमच्या फाटकात दोन बाकांवर ठेवली. कॅमेरा समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर, रस्त्यावरून दिसणार नाही असा. दिग्दर्शक भावाला म्हणाला, "काका, शेवटी तो शहीद होतो ना." भाऊ मान हलवत उभा राहिला, जणू आपणच विचारायला विसरलो. वहिनीने पेटी पाहिली आणि देवघरात जाऊन आतून कडी घातली.

आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेला तर कुणी फोन करून खात्री करत नाही. खात्री करणंच वाईट दिसतं. डोक्यावर पदर घ्यायचा, चपला बाहेर काढायच्या आणि मुकाट्याने येऊन बसायचं. या गावात सैन्यातला मुलगा एकच, आणि पेटी त्याच्याच दारात. माणसं यायला लागली. पलीकडच्या वाडीतल्या बायका आल्या, मासळीची टोपली तशीच रस्त्याकडेला ठेवून एक कोळीण आली. कुणीतरी आमचा गॅस बंद केला, कुणी पाण्याचे तांबे भरले, आणि म्हातारा शेजारी भावाला मिठी मारून हुंदके द्यायला लागला. भाऊ त्याला समजावायच्या ऐवजी स्वतःच रडायला लागला! गच्चीवरून दिग्दर्शक झकास म्हणून अंगठा वर करत होता. एवढी नैसर्गिक गर्दी त्याला बापजन्मात मिळाली नसावी.

मी एकेकाला सांगत फिरले. अहो, हे नाटक आहे, मुलगा सुखरूप आहे. बायका माझ्याकडे दयेने बघायच्या. धक्क्याने डोकं फिरलंय बिचारीचं, असं त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मग एकदम माझ्या लक्षात आलं. एवढी माणसं आली म्हणजे एवढे फोन झाले. नायगावला कुणीतरी नक्कीच कळवलं असणार.

मी सुनेला फोन लावला.

"बाळा, कशी आहेस गं? जेवलीस का?" मी म्हटलं. "हे बघ, इकडे जरा शूटिंग चाललंय. कुणी काही सांगितलं तरी मनावर घेऊ नकोस. काही झालेलं नाही. तू अजिबात घाबरू नकोस हं."



"आत्या," ती म्हणाली, "तुम्ही असं गोड का बोलताय?"

आणि फोन ठेवला. मी तिला लग्नापासून कधी बाळा म्हटलेलं नाही. माझा फोन गोळ्या घेतल्यास का, मीठ कमी कर, पाय वर घेऊन बस असाच सुरू होतो, आणि ओरडूनच संपतो. शिवाय आमच्याकडे लांबच्या माणसाला मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. काही विशेष नाही, घाबरू नकोस, असंच सांगतात. मी शब्दन्‌शब्द तेच बोलले होते.

पुन्हा लावला तर उचलेना. तिच्या आईला लावला.

"निंगालो आमी रिक्षातशी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ताई, खरा काय हाय ता मना सांगा. पोरीला नाय सांगत मी."

"अहो, खरंच काही नाही. देवाशपथ."

"बरा, बरा. कललं मना," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

आता एकच गोष्ट हातात होती. ती पोचायच्या आत पेटी दारातून हलवायची. सातव्या महिन्याची बाई, नायगावपासून खड्ड्यांतून येणार, आणि समोर पहिली ही पेटी बघणार. मी गच्चीवर गेले. दिग्दर्शक नम्रपणे म्हणाला, "मॅडम, फक्त एक शॉट. उजेड जातोय." मी शाळेत सातवीच्या वर्गावर काढायची तो आवाज काढला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॅमेरा बंद झाला, पोरं धावली, पेटी उचलली गेली. पण ट्रक मागे घ्यायचा कसा? आळी आधीच अरुंद, तिच्यात भेटायला आलेल्यांच्या स्कूटरी लागलेल्या. चाव्या घेऊन माणसं आत मान खाली घालून बसलेली. मी ओरडत होते, स्कूटरी काढा, आणि लोक मला हाताला धरून बसवत होते. एक बाई तर माझ्या तोंडाला पाणी लावायला लागली. मला तिचा तांब्या तिच्याच डोक्यात घालावासा वाटला.

रिक्षा आळीच्या तोंडाशी थांबली तेव्हा पेटी अर्धी ट्रकात आणि अर्धी बाहेर होती.

ती उतरली. पोटाखाली हात धरून, एकेक पाऊल बघून टाकत आली. गर्दी दुभंगली. तिच्या हातातून काही पडलं नाही, ती किंचाळली नाही. सरळ पेटीपाशी गेली, तिरंग्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उघडा."

गणवेशातल्या नटाने घाईघाईने झेंडा काढून त्याची घडी घातली, झाकण उचललं. आत वजनासाठी वाळूच्या गोण्या होत्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हातारा शेजारी तर हसायलाच लागला. वहिनी आवाज ऐकून बाहेर आली होती, तिने सुनेला कवटाळलं.

ती गोण्यांकडे बघत राहिली. "मग ते कुठे आहेत?" तिने विचारलं.



डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठीक होतं. तिला आमच्याकडेच ठेवून घेतलं. मालिकावाले गेले, दिग्दर्शकाने चारचारदा माफी मागितली.  वहिनी सुनेच्या आवडीचं करून घालायची, भाऊ तिच्या खोलीबाहेर चोरपावलांनी चालायचा, शेजारणी येऊन गालावरून हात फिरवून जायच्या. मीही गोड बोलत होते, जमत नव्हतं तरी. एकदा मी तिला पेज भरवायला गेले तर तिने माझा हात धरला.

"शूटिंग खरं आहे, आत्या. ते मी डोळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली. "पण मग तुम्ही सगळे अजून माझ्याशी असं का वागताय?"

आम्ही तिला जपत होतो आणि ती त्या जपण्यानेच खंगत होती. हे मला कळत होतं, पण अशा अवस्थेतल्या पोरीवर ओरडायचं कसं? सकाळ-संध्याकाळ मी भाच्याचा नंबर लावायचे. बंद. खरं सांगते, हळूहळू मलाही शंका यायला लागली होती. भाऊ मला काही सांगत नाहीये का? वहिनी देवघरात एवढा वेळ का बसते?

शेवटी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. भाचाच. मी धावत जाऊन फोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकलं, चेहरा तसाच दगडी, आणि फोन मला परत दिला.

"तुम्हीच बोला. मला ओळखू येत नाही आवाज. हाही माणूस गोडच बोलतोय."

 मी स्पीकर लावला आणि त्याला एवढंच सांगितलं, तुझी बायको नायगावहून इकडे आलीय, तिच्याशी बोल. बाकी त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"तिकडे आलीय? कशाला?" तो एकदम भडकला. "डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं ना? त्या रस्त्याला खड्डे किती आहेत माहीत नाही का तुला? रिक्षातून आलीस? अक्कल गहाण ठेवलीयस का?"

तिने माझ्या हातातून फोन हिसकावला. दोन्ही हातांनी धरला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. तो घाबरला. मग मऊ आवाजात म्हणाला, "बरं, बरं, नाही बोलत मी काही."

"नको!" ती किंचाळली. "असं नको बोलू! ओरड ना. अजून ओरड!"

त्याला काहीच कळेना. वहिनी दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होती, भाऊ भिंतीला टेकला होता. शेवटी मीच फोनवर खेकसले, "अरे गाढवा, ती सांगतेय ना, ओरड!"