तुडुमावरचा दिवा

माझे सासर तलाव बांधणाऱ्यांचे. आमगावकडच्या आमच्या गावचा तलाव सासऱ्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. धानाला पाणी कधी सोडायचे, कधी बंद करायचे, हे सासरेच ठरवत. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी धाकटे दीर हिमालयात वीज तयार करण्याच्या केंद्रावर कामाला लागले, तेव्हा गावाला फारसे नवल वाटले नाही. दिवाळीच्या सुटीत येऊन "या खेपेस बायकोला नेतो" म्हणाले, तेव्हा मात्र घर हलले.

सासूबाई म्हणाल्या, "तिथं कोन आहे तिचं?"

"मी आहो ना, माय."

"तू तं आज तिथं आहे, उद्या इथं येशीन."

धाकटी जाऊ चुलीशी मान खाली घालून बसली होती. लग्न होऊन दुसरे वर्ष, आणि नवरा जेमतेम महिनाभर सोबत राहिलेला. मला हळूच म्हणाली, "बाई, यंदा नाही गेली तं मी कधीच नाही जात." तिचे बरोबर होते. मी दिरांना गाठले.

"भाऊजी, तुमचं काम इथं कोणाला दिसत नाही. डोळ्यांनी दिसेल असं काही तरी करा."

त्यांनी सायकलचे जुने चाक घेतले, घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून त्याला पाती बसवली. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, तुडुम असतो. तिथून पाणी शेतांकडे सुटते. त्याच्या तोंडाशी दोन खांबांवर चाक टांगले आणि सायकलचाच डायनामो त्याला टेकवला. धानाचे शेवटचे पाणी सुरू होतेच. दिवेलागणीला धार पात्यांवर घेतली, चाक गरगरले आणि दिवा लागला.

अर्धे गाव जमले. एकाने पाण्यात बोट बुडवून पाहिले. "पान्यातली वीज काढून घेतली तं माह्या धानाले काय ताकत राहीन?"

"तुह्या धानात आधी कुठं होती?" दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

सासूबाई तेवढ्या आल्या नाहीत. मी रात्रभर त्यांच्या मागे लागले. दुसऱ्या संध्याकाळी दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीतल्या नाचगाण्याच्या खेळाची, तालीम दिव्यापुढेच ठरली आणि सासूबाईही निघाल्या. पाहतो तो चाक थांबलेले. सासऱ्यांनी दुपारीच तुडुम बुजवला होता.

"बाबा, पानी कायले बंद केलं?" दिरांनी विचारले.

"धानाच्या बांध्या भरल्या."

"थोडंसं सोडा ना. लोक येऊन राहिले."

"दिव्यासाठी तलाव रिता करू? उन्हाळ्यात ढोरं काय दिवा पितील?"

दीर खजील झाले. डोंगरातली नदी मनात धरून त्यांनी चाक केले आणि लहानपणापासून पाहिलेला तलाव विसरले. आमच्याकडे पाणी पिकाने मागितले तरच सुटते. धाकटीचा चेहरा पाहवेना. सगळा खटाटोप वाया गेला, असेच मला वाटले.

सासूबाई मात्र त्या थांबलेल्या चाकाकडे पाहत होत्या. मुलाला म्हणाल्या, "तुह्या तिथं पानी कोन बंद करते?"

"कोनीच नाही, माय. वरतून बर्फ वितळून राहते. हिवाळ्यात कमी होते, पर थांबत नाही."

"दिवाळीलेही नाही?"

"नाही. लोकाईले दिवे लागतातच ना."

आमच्या घरात तुडुम बंद झाला की पुरुष घरी येतात; सासूबाईंनी जन्मभर हेच पाहिलेले. मुलगाही एक दिवस पाणी बंद करून कायमचा परतेल, या भरवशावर त्या सुनेला ठेवून घेत होत्या, हे मला तिथे पाळीवर उमगले.

"पानीच थांबत नाही, तं तू कधी थांबशीन?" त्या म्हणाल्या. "मंग हिले इथं कोनाची वाट पाहाले ठेवू? घेऊन जाय."

दीर काही बोलायच्या आत धाकटी घराकडे निघाली, जवळजवळ पळतच. सासूबाईंनी मागून ओरडून सांगितले, "दोनी गोधड्या घेजो, तिथं हिव लई राहते!"

दंडारवाल्यांनी गॅसबत्ती पेटवली. मी तालीम पाहायला थांबले नाही. घरात कोणाला दुसरा विचार सुचायच्या आत सकाळच्या आगगाडीसाठी बैलबंडी सांगून आले.