मामींची वामकुक्षी आणि बसलेली बॅटरी

बॅटरी बसली की लोक ती भंगारात देतात. मामा ती घरी आणत. निवृत्तीपर्यंत त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजची बॅटरीखोली सांभाळली, आणि निवृत्तीनंतर बॅटऱ्यांनी त्यांची गॅलरी बळकावली. जगात कुणाचे बारा वाजले तर माणसं हळहळतात. बॅटरीला लावलेला मामांचा मीटर बारावर गेला की ते खुशीत शीळ घालत.

"अहो, कपडे वाळत घालायला जागा उरली नाही," मामी म्हणाल्या. "दुपारी भंगारवाला येतोय. सगळ्या जाणार."

"एक संधी दे गं त्यांना."

"दिली. माझी झोप होईपर्यंत तुमचा पंखा जिच्यावर चालेल ती राहील. मला उकडलं, तर तीही जाईल."

उमेदवार दोन होत्या. एकीच्या पाण्यात मामांनी कुणाच्या तरी सल्ल्याने जुलाबाचं मीठ घातलं होतं. दुसरीत डिस्टिल्ड वॉटर भरून, आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर धरलेला पांढरा थर सुटावा म्हणून, कितीतरी दिवस अगदी बेताबेताने चार्ज केलं होतं. मीटरवर मीठवालीचा तोरा काही और होता, म्हणून पहिला मान तिचा. बारा व्होल्टचा छोटा पंखा जोडला, मामी आडव्या झाल्या. त्यांनी कूस बदलेपर्यंत पंख्याची पाती मोजता येऊ लागली.

"बसली ना?"

"बसली नाही. जरा टेकलीय."

"तुमच्या भावासारखी. रिकामी असताना रुबाब, काम सांगितलं की टेकते."

भावाची बाजू घेण्याची ही वेळ नव्हती. मामांनी दुसरी जोडली. पंखा भिरभिरला. मामी घोरू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मामांना ते घोरणं गोड वाटलं.

बऱ्याच वेळाने भंगारवाला दारात आला. मामांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलीय."

"बॅटरी?"

"बायको. बॅटरी जागी आहे."

तेवढ्यात पंख्याचा सूर उतरला. हाताला लागला तो पुठ्ठा उचलून मामा वारा घालू लागले. भंगारवाला उंबरठ्यावर टेकला आणि खाली मान घालून हसू लागला. पंखा पार थांबला. मामांचा हात चालूच.

"अहो," मामी डोळे मिटूनच म्हणाल्या, "हा पंखा धापा का टाकतोय?"

हात थबकला. "संपली गं ती. आत्ताच."

मामी उठून बसल्या. खिडकीतलं ऊन केव्हाच कलून गेलं होतं. मामा घामाने निथळत होते.

"ही सोडून बाकीच्या न्या," मामींनी भंगारवाल्याला सांगितलं.

"पण ठरलं होतं की तुला उकडलं तर..."

"मला कुठे उकडलं?" मामी पदर सारखा करत म्हणाल्या. "उकडलंय तुम्हाला."

मीठवाली आधी ने, म्हणून मामांनी भंगारवाल्याला खूण केली आणि ते चार्जरच्या वायरी शोधायला गेले.